मावशींची हिवाळ्याची चाकं

ऑक्टोबर संपत आला की मावशी हातमोजा काढायच्या आणि दिसेल त्या गाडीच्या टायरमध्ये अंगठा रुतवून बघायच्या. गाडी कोणाची, ओळखीचा माणूस आहे की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. अंगठा रुतला नाही की मान हलवून म्हणायच्या, "हे रबर नाही बाप्पा, दगड झालाय. थांबणार कशी ही?"

आमची ओळख अशीच झाली. मी अमेरिकेत ॲन आर्बरला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. मी सोलापूरचा, थंडीवर उपाय म्हणजे स्वेटर, एवढीच माझी समज. एका सकाळी खिडकीतून पाहिलं तर गुडघ्यापर्यंत जाड कोट घातलेल्या, पांढऱ्या आखूड केसांच्या एक बाई माझ्या गाडीपाशी उकिडव्या बसलेल्या. मी धावत बाहेर गेलो आणि काही हवंय का, असं इंग्रजीत विचारलं. त्यांनी माझ्या दारावरचं तोरण पाहिलं आणि मराठीत उत्तर दिलं, "मला नाही, तुला हवंय. हिवाळ्याचे टायर."

"पण माझी फोर व्हील ड्राइव्ह आहे."

"चारही चाकं फिरवते ती. थांबवायच्या वेळी काय करशील?"

त्या आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायच्या. मूळच्या नागपूरच्या. इथल्या इस्पितळात चाळीस वर्षं भूल देणाऱ्या डॉक्टर म्हणून काम करून निवृत्त झालेल्या. गावातली सगळी मराठी मंडळी त्यांना मावशीच म्हणायची. चहा उभ्याने, फोन येरझारा घालत. कुणाच्या घरी गणपतीला आल्या तरी दाराजवळ उभ्या, हातात किल्ली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना उतावळं म्हणून मोकळे होतो. मीही तेच म्हणायचो.

त्यांची गाडी मात्र त्यांच्या अंगाला न शोभणारी होती. सात माणसांची, काळी, अवाढव्य एसयूव्ही. घरात माणसं दोन, त्या आणि त्यांचे यजमान, आमचे काका. गाडी घेतली तेव्हा तिला वीस इंची चकचकीत चाकं होती. मावशींनी पहिल्याच हिवाळ्याआधी वेगळी अठरा इंची चाकं घेतली. टायरच्या दुकानात मीही सोबत होतो. विक्रेता पोरसवदा होता. रुंद टायर किती रुबाबदार दिसतात ते तो समजावत होता.

"दिसतात खरे," मावशी त्याला इंग्रजीत म्हणाल्या, "पण मला बर्फ कापत जायचंय, बर्फावर तरंगायचं नाही. अरुंद दे. आणि चाक लहान दे, म्हणजे रबर जास्त मिळेल. खड्ड्यात गेलं तर रबर दबेल, रिम फुटणार नाही."

तो मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी खांदे उडवले.

दर नोव्हेंबरला ती चाकं बदलायला त्या मला बोलवायच्या, कारण एकेक चाक तीस किलोच्या आसपास भरायचं आणि मावशींची कंबर एकदा धरली होती. दुकानात का देत नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ते मंगळवारची वेळ देतात. बर्फ सोमवारी पडतो." प्रत्येक चाकावर आतून खडूने लिहिलेलं असायचं, पुढचं डावं, मागचं उजवं. नट आधी हाताने फिरवायचे, मग जॅकवरची गाडी खाली टेकवायची, मग टॉर्क रेंचने एकाआड एक समोरासमोरचे आवळायचे. ठरवलेल्या जोराच्या आकड्यावर पोचलं की रेंच टक् करतो. "टक् म्हणजे बस्स. जास्त शहाणपणा नको," हे त्या दर चाकाला सांगायच्या.

सगळं साडेतीनच्या आत संपलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. एकदा चार वाजत आले, तेव्हा त्या इतक्या अस्वस्थ झाल्या की हातातला नट दोनदा खाली पडला. मी म्हटलं, "मावशी, एवढी काय घाई आहे?"

त्यांनी गॅरेजच्या आतल्या दाराकडे बोट केलं. आतून पावलांचा आवाज येत होता. स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत, पुन्हा मागे.

काकांना तेव्हा विस्मरणाचा आजार होऊन तीन वर्षं झाली होती. दिवसभर ठीक असायचे. पेपर हातात धरायचे, वरणभात जेवायचे. उजेड उतरायला लागला की उठायचे आणि म्हणायचे, "चला, घरी जाऊ. उशीर झाला." ज्या घरात तीस वर्षं काढली, त्याच घरात उभं राहून. सुरुवातीला मावशींनी समजावून पाहिलं, फोटो दाखवले, रागावून पाहिलं. मग एक दिवस कंटाळून म्हणाल्या, "चला." गाडीत बसवलं, नदीकाठच्या रस्त्याने चाळीस मिनिटं फिरवलं आणि परत आपल्याच दारात आणून सांगितलं, "आलं घर." काका समाधानाने उतरले, चपला जागेवर ठेवल्या आणि झोपेपर्यंत शांत राहिले.

तेव्हापासून रोज. बर्फ असो, वादळ असो. मोठी गाडी यासाठी की काकांना वाकून आत शिरणं जमत नव्हतं. आणि टायर का, ते आता मला कळलं.

त्यानंतरच्या वर्षी जे झालं ते माझ्याकडून झालं.

तीन चाकं लागली होती. मागच्या उजव्या चाकाचे नट मी हाताने बसवले, गाडी खाली टेकवली आणि फोन वाजला. ऑफिसमधला मित्र होता. "यार, आपली टीम बंद करतायत म्हणे." माझा व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी, नाहीतर सामान बांधायचं. बायकोला आठवा महिना होता. मी अंगणात उभा राहून काय बोललो, मला आठवत नाही. तेवढ्यात काका सपाता घालून थेट रस्त्यावर निघाले आणि मावशी त्यांच्यामागे धावल्या. त्यांना धरून परत आणताना त्यांनी मला विचारलं, "झालं का रे?"

मी म्हटलं, "हो, झालं." आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पावणेपाच वाजता, मी घरी लॅपटॉपसमोर बसलो होतो आणि एकाएकी आठवलं, चौथ्या चाकाचा टक् मी ऐकलाच नव्हता.

फोन लावला. उचलला नाही, गाडी चालवताना त्या फोन उचलत नसत. तसाच निघालो. बर्फ भुरभुरायला लागला होता. नदीकाठच्या त्या रस्त्यावर दर वळणाला मला ती काळी गाडी उलटलेली दिसत होती. सहा-सात मैलांवर ती दिसली. सरळ उभी, कडेला, दिवे लुकलुकत.

मावशी बर्फात गुडघे टेकून मागच्या चाकाशी बसल्या होत्या. हातात गाडीतला पाना. पुढच्या सीटवर काका काचेवर थापा मारत होते, "चला! घरी चला!"

"आवाज येत होता," मावशी मला पाहून एवढंच म्हणाल्या. "म्हणून थांबवली."

दोन नट तर गळून पडायच्या बेतात आले होते.

"मावशी, ते मी आवळलेच नव्हते. काल मी खोटं... मी झालं म्हणालो, पण..."

त्यांनी पाना माझ्या हातात दिला. "आवळ."

मी गुडघे टेकले. त्या शेजारी उभ्या राहून एकेक नट बोटाने दाखवत गेल्या, समोरचा, मग त्याच्या समोरचा. संपल्यावर त्यांनी स्वतः पाना घेऊन सगळे पुन्हा तपासले. मला वाटलं आता बोलतील. बोलल्या त्या वेगळंच.

"चूक माझी. चाळीस वर्षांत दुसऱ्याच्या शब्दावर मी कुणाला एक नळी जोडली नाही. काल फोनवरचं तुझं बोलणं कानावर पडलं, चेहराही पाहिला, तरी विचारलं नाही. नोकरी गेली?"

"अजून नाही. जाईल."

"मग कालच सांगायचं होतंस. चल, माझ्यामागून गाडी घे. हे थांबणार नाहीत."

मी त्यांच्यामागून उरलेला फेरा पूर्ण केला. ताशी वीस मैल. सगळा वेळ माझी नजर त्या एका चाकावर.

नोकरी खरंच गेली, आणि एकावन्नाव्या दिवशी दुसरी मिळाली. मुलगी झाली तेव्हा इस्पितळात सगळ्यात आधी मावशी आल्या आणि अर्थात बसल्या नाहीत. पुढच्या नोव्हेंबरला त्यांचा फोन आला, "शनिवारी ये. फोन घरी ठेवून ये." त्यांनी मला पुन्हा बोलावलं, याने मला केवढं ओझं उतरल्यासारखं वाटलं, ते त्यांना कधी सांगितलं नाही.

त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत, काका न्यूमोनियाने गेले. टेक्ससहून त्यांची मुलगी आली. मार्च संपता संपता घर विकलं गेलं, मावशींनी तिच्याकडे जायचं ठरलं, गाडीलाही गिऱ्हाईक मिळालं. निघायच्या आदल्या दिवशी मी खोकी बांधायला गेलो होतो. बाहेर उजेड उतरायला लागला तशा मावशी हातातली चिकटपट्टी ठेवून उठल्या आणि कोट घालू लागल्या.

"आई, व्हेअर आर यू गोइंग?" मुलगी म्हणाली. "अजून किचन पूर्ण पॅक करायचंय."

"येते," एवढंच म्हणून त्या गॅरेजकडे गेल्या. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मागोमाग गेलो.

गाडी सुरू झाली होती. मी पुढचं दार उघडून आत पाय टाकला.

"मागे बस," मावशी म्हणाल्या.

मी मागे बसलो. नदीचं वळण आलं. मग मावशी, रस्त्यावरची नजर न काढता, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, बर्फ फुटला बघा नदीवरचा. बदकं पण आलीत."