अर्ध्या चटईचा फोटो

बोटीवरच्या एका फोटोवाल्याने मला फसवलं. आंब्याच्या दलालांना रडवणारा मी, अर्धी चटई देऊन फसलो.

मुंबईहून मालवणला परतताना डेकवर त्याला बसायला जागा नव्हती. पंधरा दिवस मुंबई पायी हिंडून त्याने रोज एकच फोटो काढला होता. "दोन काढले तर एकय धड बघूचंय नाय," म्हणत तो कॅमेऱ्याची काच धोतराच्या सोग्याने पुसायचा. मी सौदा केला: अर्धी चटई त्याची, आजचा फोटो माझा. आरोंद्याला, माझ्यासाठी बघितलेल्या मुलीकडे पाठवायला मला तो हवाच होता.

सकाळपासून मी कोट घालून, भांग पाडून ताठ बसलो. तो शेजारी घोरत पडला. मालवणला बोटीतून उतरवणाऱ्या होडीवाल्याशी मी कडाकडा भांडत होतो, तेव्हा कॅमेऱ्याचा खटका वाजला.

"आता तुम्ही खरे गावलास," तो म्हणाला.

पोस्टाने फोटो आला. तोंड वासलेलं, बोट उगारलेलं. आईने मला न विचारता तोच आरोंद्याला धाडला आणि होकार आला!

"ह्यां तोंड बघूनच हो म्हटलंय," बायको सांगते, "खोटा सोंग तरी नाय." मी आवाज चढवला की ती तो फोटो समोर धरते.

दिवसभर कोटात बसलेला माणूस त्याला दिसलाच नाही? कुठे असेल तिथून येऊन त्याने याचं उत्तर द्यावं.