चार वाजताची बेल

आमच्या वृद्धाश्रमात मला कामाला लागून नऊ वर्षं झाली. दर वेळी म्हणते, हा किस्सा लिहून ठेवायचा. तोवर दुसरा होऊन बसलेला असतो! घरी सांगायला लागले की नवरा म्हणतो, "सुनंदा, आधी भाकरी वाढ की!"

मल्लेशमअण्णांचंच घ्या. उभा जन्म सोलापुरात मागावर टॉवेल विणण्यात गेला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मुलीनं चांगला वॉकर आणून दिला. दुसऱ्या दिवशी बघते तर वॉकर उन्हात, त्यावर दोन टॉवेल वाळत घातलेले, आणि अण्णा भिंत धरून चाललेत!

"अण्णा, वॉकर तुमच्यासाठी आणलाय!"

"टॉवेल ओला हाय, मी न्हाय!"

मग खोल्याखोल्यांत बेल बसवली. कॉटशेजारी लाल बटण, पडलं-झडलं तर दाबायचं. देशमाने मास्तर, रिटायर्ड हेडमास्तर, रोज बरोबर चारच्या ठोक्याला दाबायचे. आम्ही धावत जावं, तर हे घड्याळ बघत बसलेले. "तीन मिनिटं. नापास!" असा राग यायचा!

पण खरा घोर होता तो मास्तरांच्या समोरच्या खोलीतल्या गयाबाईंचा. बाई माढ्याकडच्या. एकदा दुपारी कॉटवरून उतरताना घसरल्या आणि तासभर फरशीवर बसून राहिल्या. बटण हाताशी!

"दाबलं का नाही, आजी?"

"तुमी जेवत व्हता की!"

पुण्याचा मुलगा घाबरला. फोनवर म्हणाला, "आई बेल दाबणारच नसेल तर तिला तिथं ठेवण्यात अर्थ नाही. रविवारी येऊन घेऊन जातो." गयाबाईंना पुणं नको होतं. "दोगंबी कामाला जात्यात. दिसभर कुनासंगं बोलू, फ्रीजसंगं?" म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू.

म्हटलं, निदान बटण दाबायला शिकवू. गेले तर बटणाला हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल! खंडेनवमीला आम्ही शिवणयंत्र, विळी पुजली होती, ह्यांनी बेल पुजलेली.

"दाबा बघू एकदा."

"पुजलेल्याला बोट लावत्यात व्हय?"

मी कपाळाला हात लावला.

शनिवारी चार वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. गयाबाईंच्या खोलीची! हातातलं टाकून पळालो. बाई कॉटवर ठणठणीत बसलेल्या.

"मला काय न्हाय झालं. मास्तरांनी आज चारला बेल न्हाय वाजवली. आदी तिकडं जावा!"

मास्तर बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले होते. कपाळ फुटलेलं, उठता येईना. तसंच उचलून दवाखान्यात नेलं. टाके घातले, एक रात्र ठेवून घेतलं आणि सकाळी सोडलं.

रविवारी मुलगा आईच्या साड्या बॅगेत भरत होता. तेवढ्यात मास्तर डोक्याला पट्टी बांधून व्हीलचेअरवर दारात हजर. म्हणाले, "तुमच्या आईनं मला वाचवलं." कसं, ते मी सांगितलं. मुलगा एकेक साडी परत कपाटात ठेवायला लागला.

मास्तरांनी मात्र घड्याळ पुढं केलं. "गयाबाई, चारची बेल चुकली हे चारलाच कळलं ना? मग दहा मिनिटं काय करत होता?"

"हात धुतलं," गयाबाई म्हणाल्या, "फूल बाजूला ठिवलं, पाया पडले. मग दाबली."