पाठ टेकली की संपलं

माझ्या नातीचं कोपर मी मोडलं. हात दुसऱ्या पोरीचे होते, जोर तिचा होता, अक्कल माझी. आणि तेव्हा मी काही कोवळी नव्हते, चांगली चौसष्ट वर्षांची घोडी होते. आज अडुसष्टाव्या वर्षी त्या बाईकडं वळून बघते तेव्हा वाटतं, हिला लोक शहाणी कशी म्हणायचे?

नात अकरावीला होती. कॉलेजच्या वाटेवर एका पोरानं तिची ओढणी खेचली. हिनं हातातला स्टीलचा डबा त्याच्या तोंडावर हाणला, त्याचा ओठ फुटला, आणि घरी येऊन ही रडत बसली.

"हाणलास ना? मग रडतेस कशाला?" मी म्हटलं.

"हाणला गं आजी. पण तो रक्त पुसत हसत होता. पुढं काय करायचं तेच कळेना."

पुढं काय करायचं ते शिकवणारी विद्या तिनं मोबाईलवर शोधून काढली. ब्राझिलियन जिउ-जित्सू. आपल्या कुस्तीचीच परदेशात वाढलेली मावसबहीण म्हणा. जाड पांढरा सदरा, कमरेला पट्टा, समोरच्याला खाली घ्यायचं आणि त्याचा हात तरी पिरगाळायचा नाही तर गळा तरी आवळायचा. नगरात असे दोन क्लास निघाले. मुलगा-सून दोघं नोकरीला जाणारी, तेव्हा क्लास निवडायचं काम माझ्याकडं आलं. मुलगा म्हणाला, "आई, तू पैलवानाची लेक. तुला नुसतं बघून कळेल."

मलाही तसंच वाटलं.

पहिला क्लास सावेडीकडं, टाइल्सच्या दुकानाच्या वर. सर तिशीचे, काटकुळे. "आजी, चप्पल इथं काढा, पाणी देऊ का?" म्हणाले. तिथंच मी त्यांचे निम्मे मार्क कापले. वस्ताद कधी पाणी विचारतो का? मग ते मधोमध चटईवर चक्क उताणे झोपले आणि एका दांडग्या पोराला म्हणाले, "ये, बस छातीवर."

आमच्या पारनेर भागात जत्रेच्या फडात पाठ मातीला लागली की हलगी थांबते. जिंकलेला खांद्यावर जातो आणि हरलेला अंगाची माती झटकत गर्दीत दिसेनासा होतो. माझ्या वडिलांची पाठ ज्या दिवशी लागली त्या रात्री घरात कुणी जेवलं नव्हतं. आणि हा माणूस आपण होऊन उताणा पडला होता!

तो दांडगा बसला, त्यानं सरांची कॉलर धरली आणि दाबायला लागला. सरांचे पाय कधी वर आले कळलंच नाही. एक पाय मानेवर, दुसरा त्यावर. पोराचं तोंड बिटासारखं लाल, मग जांभळं, डोळे बाहेर. त्यानं चटईवर दोन थापा मारल्या. सरांनी तत्क्षणी पाय काढले. पोरगा खोकला, हसला, पुन्हा बसला. एवढं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि मला दिसली ती फक्त सरांची पाठ.

वर सर नवीन पोरींना म्हणाले, "पहिला आठवडा आपण थाप मारायलाच शिकणार. असह्य व्हायच्या आधी मारायची. लाजायचं नाही."

मी नातीच्या कानात म्हटलं, "पहिला धडा हरायचा. ऊठ."

दुसरा क्लास एमआयडीसीच्या रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये. आत शिरताच घामाचा वास आला आणि मला माहेर आठवलं. एकाच्या नाकातून रक्त गळत होतं, त्यानं ते पायानंच चटईवर पुसलं. दुसऱ्याचे कान माझ्या वडिलांसारखे, चुरगळून भजी झालेले. दोन पोरं एकमेकांवर अशी आदळत होती की पत्रा वाजत होता. इथला मास्तर कमरेवर हात ठेवून गरजला, "थाप मारायची तर घरी जाऊन आईच्या मांडीवर मारायची!"

"शाब्बास," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं.

"आजी, मला तो पहिला आवडला होता," नात म्हणाली.

"तो उताणा? तिथं जाऊन काय झोपा काढणारेस?"

नाव घातलं.

आता करंगळीचं सांगते. माझ्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे, बाहेरच्या बाजूला, मोडक्या खुंटीसारखी. तिची गोष्ट मी नातीला ती रांगत होती तेव्हापासून सांगत आले. लग्न होऊन वर्ष झालं होतं. गावातल्या नळावर पाण्याला गेले असताना नणंद चारचौघींत म्हणाली, माझ्या वडिलांनी शेवटची कुस्ती ठरवून सोडली होती. पैलवानाच्या लेकीला याहून मोठी शिवी नाही. मी हातातला तांब्या तिच्या कपाळावर घातला. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. तिनं त्या आंधळ्या डोळ्यानंच माझे केस धरले, मला चिखलात पाडलं, छातीवर बसली आणि माझी करंगळी मुठीत घेऊन मागं वाकवायला लागली. सगळी गल्ली हंडे खाली ठेवून बघत होती. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. ती वाकवत राहिली. मी दात आवळले. शेवटी काट् झालं.

"आणि आजी ओरडली नाही!" हे शेवटचं वाक्य नात तीन वर्षांची असताना माझ्याबरोबर म्हणायची. मी शिकवलं होतं. पोरांना पाढे शिकवतात, मी हे शिकवलं.

शेडमधला तिसरा आठवडा. मी नेहमीप्रमाणं बाकावर बसून शेंगदाणे खात होते. नातीची जोडी एका जुन्या, तिच्या दीडपट पोरीशी लावली. त्या पोरीनं तिला उचलून आपटलं. मग तिचा उजवा हात आपल्या मांड्यांत धरला, मनगट छातीशी आवळलं आणि कंबर वर उचलायला लागली. कोपर सरळ झालं. मग सरळच्याही पुढं गेलं. नातीचं तोंड पांढरं पडलं. तिचा डावा हात मोकळा होता, चटईपासून वीतभर वर, थाप मारायला उचललेला. तिनं माझ्याकडं बघितलं.

आणि मी काय केलं? शेंगदाणे खाली ठेवले आणि वाकडी करंगळी वर करून दाखवली.

तिनं डावा हात मागं घेतला. मूठ वळली.

ओला ऊस गुडघ्यावर मोडला की जो आवाज येतो, तो आला. त्यानंतर जी किंकाळी आली ती मी अजून ऐकते. मास्तर म्हणाला, "होतं असं." ती दुसरी पोरगी स्वतःच रडायला लागली. "ही थापच मारेना," एवढंच म्हणत होती, "मी काय करू, ही थापच मारेना!"

कोपर निखळलं होतं, आतलं काहीतरी फाटलं होतं. डॉक्टरांनी हात जागेवर बसवला तेव्हा तिनं माझा हात धरला नाही, आईचा धरला. घरी आल्यावर दीड महिना ती माझ्याशी "हो" आणि "नको" एवढंच बोलली. सदरा तिनं घडी करून माळ्यावर टाकला. पट्टी सुटली, मालिश झालं, हात वळायला लागला, पण कॉलेजला ती आता बापाच्या गाडीवरच जायची. वाटेत तो ओठफुट्या उभा असायचा, आणि ही मान खाली घालायची. डबा हाणणारी माझी पोरगी! तिचं कोपर जुळलं होतं, बाकीचं मोडलेलं तसंच होतं. आणि ते डॉक्टरला दाखवायची सोय नव्हती.

शेवटी मीच तिच्या खाटेवर जाऊन बसले. म्हटलं, "चुकलं माझं. त्या उताण्या सरांकडं जाऊ या?"

तिनं कोपर दोनदा वळवून बघितलं. मग म्हणाली, "जाईन. पण आधी तू."

"मी? या गुडघ्यांनी?"

"झोपायचंच तर आहे. गुडघे कशाला लागतात?"

नेमकी त्याच दिवसांत नणंद गावाहून पोरीला बघायला आलेली, पिशवीत हुलगे आणि तोंडात मिसरी. पंचेचाळीस वर्षं झाली तरी भुवईवरचा व्रण तसाच. "म्या बी येते," म्हणाली. "वैनीला उतानी पडल्याली बगून लई दिस झाले."

सरांनी पुन्हा पाणी विचारलं. या वेळी मी प्यायले. मग लुगड्याचा पदर खोचून मी चटईवर बसले, आडवी झाले, आणि पाठ टेकली. वर पंखा फिरत होता. हलगी काही थांबली नाही, कारण हलगी नव्हतीच.

नातीनं माझा डावा हात धरला. मांड्यांत घेतला, अगदी हलक्यानं. सर शेजारी उकिडवे बसलेले. "आजी, नको वाटलं की लगेच थाप."

कंबर वर आली. कोपराला ताण बसला. मी पंख्याकडं बघत राहिले. ताण वाढला. दात आपोआप आवळले गेले. उजवा हात मोकळा होता, पण तो उठेना. खोटं सांगत नाही, उठेना! सोळा वर्षांच्या पोरीनं मला चौसष्टाव्या वर्षी धरलं होतं आणि आत ती नळावरची एकोणीस वर्षांची टोणगी ओरडत होती, नाही, नाही, नाही.

"आजी," नात म्हणाली. "मार ना गं."

मी मारली. पहिली थाप इतकी हळू की मलाच ऐकू आली नाही. दुसरी मारायला हात उचलला, तोवर तिनं माझा हात सोडलासुद्धा होता.

मी तशीच पडून राहिले. ती उठली, डोळे पुसले, माळ्यावरून काढलेल्या सदऱ्याचा पट्टा आवळला आणि कुणी न सांगता पोरींच्या रांगेत जाऊन उभी राहिली. समोरच्या पोरीला म्हणाली, "ये, बस छातीवर."

मला उठवायला नणंद आली. माझी वाकडी करंगळी तिनं आपल्या हातात घेतली, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, आणि म्हणाली, "वैनी, त्या दिशी म्या बी ह्येचीच वाट बगत हुते. तुमी नुसतं 'सोड' म्हनला असता तर तितंच सोडलं असतं. तुमी काई बोलंना, अन् समदी गल्ली बगत हुती, मग म्या कशी सोडू?"