शनवार तेल्याचा नातू

माझा मुलगा इमॅन्युएल थळकर शर्यतीच्या गाडीत कधीच बसणार नाही, अशी मी माझ्या परीने पक्की व्यवस्था केली होती. ती कशी फसली, ते लिहिते.

आम्ही बेने इस्राएल ज्यू. १९६४ साली मुंबईहून इस्राएलला आलो आणि आम्हाला डिमोनात घर मिळालं. इमॅन्युएल तेव्हा दहा वर्षांचा होता. माझे यजमान सॅमसन मृत समुद्राकाठच्या पोटॅशच्या कारखान्यात लागले. मी मुंबईत बी.ए. झालेली, मला ग्रंथालयात काम मिळालं. डिमोनाहून मृत समुद्राकडे उतरणारा रस्ता नुसता वळणांचा. लष्करातली तीन वर्षं इमॅन्युएलने त्याच रस्त्यावर पाण्याचा टँकर चालवला आणि सुटल्यावर पोटॅशचा ट्रक, थेट एलातच्या बंदरापर्यंत. तो नेहमी वेळेआधी पोचतो, अशी तक्रार सॅमसनच्या कानावर कारखान्यात यायची. मी रागावले की तो हिब्रूत म्हणे, "बेसेदेर, आई." म्हणजे सगळं ठीक आहे. मी मराठीत दहा वाक्यं बोलायची आणि त्याचं उत्तर एवढंच.

१९७६ साली तो इंग्लंडला गेला आणि शर्यतीच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मेकॅनिक झाला. मेकॅनिक जमिनीवर उभा असतो, म्हणून मी निश्चिंत होते. वर्षभराने त्याचं पत्र आलं. मालकाने त्याला चाचणीसाठी गाडी फिरवायला दिली होती आणि त्याची वेळ पगारी ड्रायव्हरपेक्षा कमी भरली होती. आता त्याला शर्यतीत उतरायचं होतं.

मी ग्रंथालयातली इंग्रजी मासिकं काढून बसले. जळलेल्या गाड्यांचे फोटो पाहिले. आणखी एक गोष्ट पाहिली. बहुतेक शर्यती शनिवारी, नाही तर शनिवारी निवड आणि रविवारी शर्यत. मग मी त्याला लिहिलं, की आमची हरकत नाही, फक्त शब्बाथला, शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारी तारे दिसेपर्यंत, गाडीला हात लावणार नाहीस एवढं वचन दे. तुझ्या आजोबांचा थळला तेलाचा घाणा होता. शनिवारी बैल सोडलेला असे, म्हणून सगळं गाव त्यांना शनवार तेली म्हणे. मी पत्र टाकलं आणि विषय संपला असं धरून चालले.

त्याचं वचन उलट टपाली आलं. तो फक्त रविवारच्या आणि सुट्टीच्या सोमवारच्या शर्यती धरू लागला. निम्मा हंगाम हातचा जात होता, पण राहिलेल्या निम्म्यात तो जिंकत होता. चार वर्षांत तो एकेक पायरी वर चढला. दर वेळी तो कळवायचा आणि दर वेळी मी सॅमसनना म्हणायची, की याच्या वर आता शनिवारशिवाय कोणी घेणार नाही. सॅमसन म्हणायचे, "तू त्याची आई आहेस की त्याच्यापुढचा ड्रायव्हर?"

१९८१च्या ऑगस्टमध्ये सगळ्यांत वरच्या शर्यतीची संधी आली. ऑस्ट्रियात होती. एका संघाच्या ड्रायव्हरचा हात मोडला होता आणि जागा एवढ्या एकाच शर्यतीपुरती रिकामी होती. गाड्या तीस, सुटणार सव्वीस. शुक्रवारी एक तास आणि शनिवारी एक तास मिळतो, दोन्हींतली उत्तम वेळ धरतात. इमॅन्युएलने शनिवारचं आधीच सांगून टाकलं. संघाचा मालक म्हणाला, शुक्रवारच्या वेळेवर जागा राहिली तर पुढचं बोलू. नाही तर सोमवारपासून पुन्हा पाना हातात घे.

आमच्याकडे फोन नव्हता. खालच्या मजल्यावरच्या येमिमाबाई नर्स, म्हणून त्यांच्याकडे होता. शुक्रवारी दुपारी तिथे इमॅन्युएलचा फोन आला. तो विसावा होता. म्हणजे शनिवारी त्याच्या मागच्या दहांपैकी सहा जण पुढे गेले तरी चालणार होतं. सातवा गेला की संपलं.

शनिवारी सिनेगॉगमध्ये माझं लक्ष नव्हतं. वर्षानुवर्षं ज्या गोष्टीची मी वाट पाहिली, ती त्या दुपारी तासाभरात घडू शकत होती आणि मी मात्र घरी खुर्चीत बसून सातव्याला अडवत होते.

संध्याकाळी सातला तीन तारे दिसले, शब्बाथ सुटला. शब्बाथच्या निरोपाची प्रार्थना, हवदाला, उरकून आम्ही खाली गेलो. फोन वाजेना. साडेसात झाले, आठ झाले. येमिमाबाईंनी चहा केला, तो तसाच राहिला. जागा गेली असती तरी त्याने कळवलं असतं. माझ्या मनात एकच येत होतं. मालकाने गळ घातली असेल, हा गाडीत बसला असेल, आणि काहीतरी झालं असेल. सॅमसन दारात उभे होते.

नऊला पाच कमी असताना फोन वाजला.

"इतका उशीर?" मी म्हटलं. "बसलास ना तू गाडीत?"

"आई, इथे आत्ता अंधार पडला. तारे दिसायच्या आत फोनला हात कसा लावू?"

एवढी शिकलेली मी, पण तिकडे उन्हाळ्यात सूर्य उशिरा मावळतो, हे मला दोन तासांत सुचलं नव्हतं.

"मग?"

"पाच जण पुढे गेले. मी पंचविसावा. उद्या तीनला सुटतोय."

मग मी त्याला सांगून टाकलं, की ती अट मी त्याला अडवायला घातली होती.

"माहीत होतं," तो म्हणाला. आतापर्यंत हिब्रूत बोलत होता, हे मराठीत. "मोडली असती तर तू घरी बोलावलं असतंस. म्हणून एकदाही मोडली नाही."

रविवारी संध्याकाळी येमिमाबाईंच्या खोलीत अर्धी इमारत जमली होती. या वेळी फोन सॅमसननी घेतला. ऐकत राहिले, मग एकेक आकडा मोठ्याने सांगू लागले. सव्वीस सुटले. बाराच पोचले. इमॅन्युएल अकरावा. मालकाने उरलेल्या हंगामाचा करार पुढे केला होता, शनिवार वगळून.

"अकरावा म्हणजे मागून दुसरा की हो," येमिमाबाई म्हणाल्या.

"मागून दुसरा नाही," सॅमसन म्हणाले. "त्याच्या मागे चौदा जण रस्त्याच्या कडेला उभे आहेत."

मग त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला. पुढची शर्यत कुठे आणि कधी, हे मी इमॅन्युएलला पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं.