दाजींचा कॉम्प्युटर तापतो

आमच्या दाजींच्या घरात कुठलीही वस्तू जुनी होत नाही. दाजी तिला तशी परवानगीच देत नाहीत. दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. कोल्हापुरात मार्केट यार्डाजवळ ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान, आवाज असा की गिऱ्हाइकाला फोन न करता नुसती हाक मारली तरी चालावं, आणि जीव मात्र लोण्याचा. नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायचं नाही, हा त्यांच्या घरचा कायदा. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये, फ्रीजचं दार प्लास्टिकमध्ये, आणि सोफा तर असा की उन्हाळ्यात त्यावरून उठायचं म्हणजे पाठीचं कातडं तिथंच ठेवून यायचं. एकदा मी त्यांच्या गाडीच्या सीटवरचं लोंबणारं प्लास्टिक ओढायला गेलो, तर भर रस्त्यात ब्रेक मारून म्हणाले, "पावणं, हात काढा. गाडी नवी हाय." गाडी तोवर दोनदा रंगवून झाली होती.

दाजींचा दुसरा गुण म्हणजे दुरुस्तीला माणूस बोलवायचा नाही. न्हाणीघराचा नळ त्यांनी स्वतः बसवला, तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका छत्री उघडून वर आले होते. त्यामुळं एकुलत्या एका लेकीनं, आमच्या तेजूनं, ॲनिमेशनसाठी कॉम्प्युटर मागितला तेव्हा तयार आणण्याचा प्रश्नच नव्हता. "आख्खं इंजान उघडून बशिवतोय मी, ह्या डब्याचं काय घिऊन बसलाईसा!" राजारामपुरीतून एकेक भाग आणला, मोबाईलवर व्हिडिओ लावला, चादर अंथरली आणि एका रविवारात कॉम्प्युटर उभा केला. नारळ फुटला, डब्याला हळदकुंकू लागलं. आणि खोटं कशाला बोलू, पहिल्या फटक्यात चालू झाला! दाजींनी गल्लीभर पेढे वाटले.

पण लेकाचा तापायचा. साधं काही केलं तर निमूट चालायचा, जड काम दिलं की गरम होऊन फटकन बंद. आणि तेजूचं काम जडच होतं. रंकाळ्यावर हरवलेल्या एका म्हशीची छोटीशी फिल्म तिनं चितारली होती. ती अहमदाबादच्या एका कॉलेजला प्रवेशासाठी त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायची, नाहीतर वर्ष गेलं. सगळी चित्रं तयार होती, फक्त कॉम्प्युटरनं ती जोडून फिल्म करून द्यायची होती, आणि प्रत्येक वेळी तो निम्म्यात मान टाकायचा. सकाळीच आक्काचा फोन आला, "ये बाबा लवकर. हितं बापलेक दोघं बी तापल्यात." मी वारणानगरला नोकरीला. मला कॉम्प्युटरातलं कळतं असा आक्काचा पक्का समज आहे, कारण मी एकदा तिच्याकडचा प्रिंटर चालू केला होता.

जाऊन बघतो तर काय! कॉम्प्युटर दोन विटांवर चढवलेला, एका बाजूचं झाकण काढलेलं, समोर लग्नाच्या हॉलमधला असावा एवढा पंखा, आणि टेबलाखाली ओलं गोणपाट. "आदी ते गोणपाट उचला," मी ओरडलो, "करंट बसून मराल सगळे!" दाजी शांत. "इंजान तापलं की पयलं पाणी बगायचं आसतंय, पावणं. ह्येला पाणीच न्हाय, मग तापंल न्हाईतर काय करंल?" तेजू रडकुंडीला आली होती. "मामा, आज न्हाय गेलं तर संपलं सगळं."

"संपतंय कशानं?" दाजी म्हणाले. "कोल्हापुरात कालीजं न्हाईत व्हय?" एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं आणि विटेखाली कागदाची घडी सारायला लागले. लेक लांब जाऊ नये म्हणून या माणसाचा जीव तुटत होता, आणि तिला जाता यावं म्हणून तोच पहाटेपासून विटा वाहत होता. मला त्या क्षणी दाजींची फार माया आली.

डब्यातले पंखे फिरत होते, धूळ नव्हती. मी विचारलं, "प्रोसेसरवर पेस्ट घातलीय का?"

"घातली की! डोशावर लोणी घालत्यात तशी घातलीया."

म्हटलं, कूलर उचलून बघू. कूलर म्हणजे प्रोसेसरवर दाबून बसवलेला धातूचा ठोकळा, त्यातली उष्णता मधल्या पेस्टमधून ओढून घेणारा. चार स्क्रू काढले, ठोकळा उलटा केला. खाली लोण्यासारखी पेस्ट, आणि ठोकळ्याच्या तळाला चिकटलेला, इकडचा तिकडं न झालेला, पारदर्शक प्लास्टिकचा कागद. त्यावर इंग्रजीत ठसठशीत छापलेलं, बसवण्याआधी काढा.

"दाजी, हे काय?"

"प्लॅस्टिक."

"ते दिसतंय मला. काढलं का नाही?"

दाजींना माझ्या अडाणीपणाचं मनापासून वाईट वाटलं. "आवो, नवं हाय की त्ये!"

आक्का पदर तोंडाला लावून मटकन खालीच बसली. तेजू रडता रडता हसायला लागली. मी प्लास्टिकला हात घातला, तर दाजी म्हणाले, "थांबा." मला वाटलं, आता भांडण. पण त्यांनी सदऱ्याला बोटं पुसली, नखानं कोपरा उचलला आणि लेकराच्या गुडघ्यावरची पट्टी सोडवावी तसं ते प्लास्टिक हळूहळू स्वतः काढलं. जुनी पेस्ट पुसली, ट्यूबमध्ये उरलेली मुगाएवढी लावली, कूलर पुन्हा आवळला. कॉम्प्युटर दुपारभर बिनबोभाट चालला. सहाच्या आत म्हैस अहमदाबादला पोचली. दाजी भडंग आणायला गेले आणि बऱ्याच वेळानं आले.

तेजूला प्रवेश मिळाला. निघायच्या दिवशी तिच्या नव्याकोऱ्या बॅगेवरचं प्लास्टिक दाजींनीच टराटरा फाडलं. "वापराय घेतलीया न्हवं," एवढंच म्हणाले.

परवा गेलो तेव्हा दाजी तेजूच्या खोलीत बसले होते. कॉम्प्युटर नुसताच चालू. रोज संध्याकाळी लावतात म्हणे. "बंद ठिवला की बिघडतोय," ते म्हणाले. मग त्यांनी डब्यावर तळवा टेकला आणि तसाच ठेवला.

"बगा पावणं, कसा गार हाय. आता तापतच न्हाय ओ."

मीही हात ठेवून बघितला. खरंच गार होता.