वस्तऱ्यापुढची वेणी

घाटावर दहाव्याला डोकी करण्यात माझा जन्म गेला. बाप गेलेली पोरं पुढ्यात बसतात, मी पाणी लावतो, वस्तरा फिरवतो. महिन्याभरात केस परत येतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. परवा पुढ्यात एका घरातली साडी नेसलेली थोरली येऊन बसली. कमरेपर्यंत वेणी होती.

“दादा, नाटकं नकोत. बस गुमान,” धाकटा भाऊ तिला म्हणाला.

चुलता म्हणाला, “थोरला मुलगा तू. डोकं केल्याशिवाय पिंडाला हात लावायचा नाही.”

मी वस्तरा खाली ठेवला. “बाईच्या डोक्याला मी वस्तरा लावत नाही. माझ्या बापानंही कधी लावला नाही.” शाळा फार झाली नाही माझी, पण बोललेलं मी फिरवत नाही.

मग तिच्याकडं बघत बसलो. मुलगा म्हणून बसून राहिली, तर इतक्या वर्षांत कमावलेलं बाईचं रूप जाणार. बाई म्हणून उठली, तर बापाला पाणी देता येणार नाही. कुठूनही वळलं तरी भिंतच. मला वाटलं मी तिला मान दिला, आणि वाट तर मीच अडवून बसलो होतो.

तिनं मान वळवली. “काका, या सगळ्यांत तुम्ही एकट्यानं मला बाई म्हटलंत. पण बाप माझाही गेलाय. काढा.”

मी वेणी सोडली, पाणी लावलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा एका बाईच्या डोक्याला वस्तरा लावला.