तीन मिक्स आणि मामांचा टाळ

आमच्या हिच्या मामांइतकं एकच गाणं ऐकलेला माणूस अख्ख्या जुन्नर-आंबेगावात दुसरा नाही. असलाच, तर त्याच्या घरचे केव्हाच गाव सोडून गेले असतील. गाणं ओझरच्या गणपतीचं. तरुणपणी राजुरीच्या भजनी मंडळाबरोबर मामा पुण्याच्या एका स्टुडिओत गेले आणि त्या गाण्यात त्यांनी टाळ वाजवला, असं ते सांगतात. गाव हसतं, कारण टाळ कुणालाच ऐकू येत नाही.

स्टुडिओत प्रत्येक वाद्य सुटं रेकॉर्ड केलं होतं आणि मग सगळी कमीजास्त करून एकत्र केली. असे तीन मिक्स निघाले: कॅसेटचा, सीडीचा आणि आता मोबाइलवरचा. तिन्ही मामांना पाठ. जेवायला बसलेल्या पाहुण्याचीही सुटका नाही. "कॅसेटात ढोलकी जरा मागं हाय. सीडीत त्या येड्यानं ती पार डोक्यावर बसवली. आन् मोबाइलात तर समदं धुऊन काढलंय, टाळ ऱ्हाईल कुठनं?" त्यात मामांचा धंदा मांडवातल्या स्पीकरचा. बोरीच्या एका लग्नात नवरानवरी अंतरपाटाशी उभी, भटजी घसा खाकरून तयार, आणि मामा तिन्ही मिक्स पाठोपाठ लावून वऱ्हाडाला विचारतायत, "आला का टाळ?" शेवटी मुलीच्या बापानं माईक हिसकावला. "आला, आला! आता अक्षता टाकू द्या राव!"

लोक हसले की मला मात्र लोकांचाच राग यायचा. म्हणून खटपट करून त्या स्टुडिओवाल्याच्या मुलीकडून मी सुटे ट्रॅक मिळवले. मामांनी अंघोळ केली, टोपी घातली आणि मग हेडफोन लावला. मी फक्त ढोलकी आणि टाळ चालू केले. टाळ होता. स्वच्छ, खणखणीत, आणि ढोलकीच्या प्रत्येक ठोक्याला जरासा उशिरा.

मामांनी हेडफोन काढून ठेवला. मग म्हणाले, "मिक्सवाल्यानं माजी लाज झाकली व्हती की वो पावणं. मी उगंच शिव्या घातल्या त्याला." चेहरा असा उतरला की मला गलबलून आलं. कुठून अवदसा आठवली आणि ते ट्रॅक आणले, असं झालं.

"मामा, कॅसेट लावा."

"आता कशापायी?"

"लावा तर."

लावली. ढोलकीचा ठोका पडला आणि त्याच्या किंचित मागे, जिथं कुणी कान देत नाही तिथं, टाळ वाजला. वेळेवर वाजला असता तर ढोलकीतच बुडाला असता.

"आला," मी म्हणालो.

मामांनी संशयानं पाहिलं. मी पुढच्या प्रत्येक टाळाला बोट उचलत गेलो. एकदाही चुकलो नाही.

मामांनी टोपी काढून डोळे पुसले आणि आत हाक मारली, "आगं, भाईर ये. पावण्यास्नी ऐकू आला."